जादा चावी

घरात बसून गाडी चालू करायचं यंत्र बसवायला आम्हाला एकोणीस दिवस लागले. ते बसवणारा टेस्टर म्हणतो, काम तीन तासांचं. बाकीचे दिवस माणसांनी खाल्ले, आणि त्यातले निम्मे मी एकट्याने, असं घरच्यांचं म्हणणं आहे. घरचे काय, काहीही म्हणतात.

यंत्र हवं होतं हिच्या गुडघ्यासाठी. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि इस्पितळातल्या व्यायामवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आजी, हे तीन महिने तुमचे. जेवढा वाकवाल तेवढा वाकेल. त्यानंतर गुडघा तुमचं ऐकणार नाही." सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसात. त्या वेळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा असतो. आमची गाडी डिझेलची, जुनी, आणि तापायला आळशी. त्या गारठ्यात वीस मिनिटं बसली की हिच्या गुडघ्याचं लाकूड व्हायचं. मग तिथे पोचल्यावर अर्धा वेळ लाकूड सोडवण्यात जायचा आणि ही ओठ चावून रडायची. पाच आठवड्यांत दोनदा तर तिने जायचंच नाकारलं. पलंगाची कड धरून बसली. म्हणाली, "नाही वाकला तर नाही वाकला. मला कुठे शर्यतीत पळायचंय?"

मी आधी खाली जाऊन गाडी तापवून ठेवावी, तर आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी इमारतीच्या मागे. त्याच पंधरा मिनिटांत हिच्या गुडघ्यावर गरम पिशवी ठेवायची असते, पट्टा बांधायचा असतो, बूट चढवायचा असतो. घरात तिसरं माणूस नाही. एकदा करून बघितलं. मी वर येईपर्यंत ही कठडा धरून एकटीच पाच पायऱ्या उतरली होती. त्या दिवशी माझा आवाज तळमजल्यापर्यंत गेला म्हणतात. शिवाय चावी लावून चालू गाडी सोडायची म्हणजे चोराला बोलावून आणायचं. पलीकडच्या शिंप्याची तशीच गेली.

तेव्हा जावयाने यंत्राचं काढलं. बटण दाबलं की खाली गाडी आपली आपण चालू होते, गरम होते, पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही तर बंद होते. ऐकायला छान वाटलं. मग जावयाने तक्ता पाठवला. आमचा जावई ऑफिसात तक्ते बनवतो आणि घरी आल्यावरही त्याचे हात थांबत नाहीत. आठ यंत्रं, प्रत्येकापुढे अकरा रकाने. मला वाचायला हिनेच शिकवलं, तेही चाळिशी उलटल्यावर, त्यामुळे छापलेलं काही मी वाया जाऊ देत नाही. सगळं वाचतो, सावकाश वाचतो. त्याच सुमाराला मी हिला गाडी शिकवली. दोन्ही शिकवण्या भांडतच पार पडल्या.

चार दिवसांनी जावयाचा फोन आला. "बाबा, झालं का वाचून? सहा नंबरचं घ्या. मोबाइलवर चालतं. जगात कुठूनही गाडी चालू करता येते."

"मला जगात कुठूनही करायची नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून करायची आहे."

"अहो, पण सोय असलेली बरी ना!"

"मी मोबाइल चार्जिंगला लावून विसरतो, हे तुम्हीच चारचौघांत सांगता."

"बरं, मग एक नंबर. साधं आहे, फक्त बटण."

"त्यात गाडी चालू झाली की नाही ते कळत नाही. मग मी परत खिडकीतून वाकून बघायचं. तीन नंबरचं घेतो. त्याला दिवा आहे. चालू झाली की हिरवा, नाही झाली की लाल. उत्तर देतं ते. या घरात तेवढंच उत्तर देणारं होईल."

मग फोन लेकीने घेतला. "बाबा, तो दोन संध्याकाळ बसून तक्ता करत होता. आणि तुम्ही दिवा बघून घेताय?"

"मग मीही चार दिवस बसून वाचला ना!"

यंत्र बसवणारा टेस्टर म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा बुटका माणूस. पुलाखाली त्याचा गाळा आहे. वीज आहे की नाही बघायचा टेस्टर कानावर पेन्सिलीसारखा खोचलेला असतो, म्हणून सगळे त्याला टेस्टर म्हणतात. त्याची बायकोसुद्धा. मी गाडी त्याच्या गाळ्यात लावून उतरलो. तो आत बसला आणि त्याने दांडा हलवून बघितला.

"काका, गाडी गिअरमध्ये कशाला ठेवलीत?"

"बंद गाडी मी पहिल्या गिअरमध्येच सोडतो. पस्तीस वर्षं लॉऱ्या चालवल्या. हँडब्रेकच्या भरवशावर राहिलेले बरेच जण बघितलेत मी."

"ते लॉरीचं राहू द्या. हे यंत्र आंधळं असतं. तुम्ही वरून बटण दाबणार, गाडी गिअरमध्ये असणार, आणि ती उडी मारून समोरच्या भिंतीत शिरणार. वर तुमचा दिवा हिरवाच."

मग त्याने रोज गाडी लावायची रीत सांगितली. इंजिन चालू ठेवायचं. गिअर काढायचा, हँडब्रेक ओढायचा. रिमोटचं बटण धरून चावी काढायची. इंजिन चालूच राहील, घाबरायचं नाही. बाहेर यायचं, दार लावायचं, लॉक करायचं. तेव्हा इंजिन आपोआप बंद होईल. बाहेर माणूस असताना इंजिन चालू होतं, म्हणजे गाडी गिअरमध्ये नाही, हे यंत्राला पटतं. "पण त्यानंतर एक जरी दार उघडलं," टेस्टर बोट नाचवत म्हणाला, "तर सगळं रद्द. सकाळी चालू होणार नाही. पुन्हा पहिल्यापासून."

"ही गाडी लावायची की लग्न लावायचं?" मी म्हटलं.

"आणि दुसरी चावी घेऊन या."

"दुसरी कशाला?"

त्याने माझी चावी उलटी करून दाखवली. तिच्या काळ्या डोक्यात म्हणे एक चिप आहे. ती जवळ असल्याशिवाय गाडी चालू होत नाही. पण बटणावर चालू करताना चावी आपल्या घरात. म्हणून एक चावी छोट्या पेटीत घालून डॅशबोर्डच्या आत कायमची बंद करायची. गाडीला वाटतं, मालक आलाय.

"नवीन बनवून घाल की!"

"या मॉडेलची मागवली तर सात आठवडे. तुमच्याकडे जादा असेलच ना? प्रत्येकाच्या घरी असते."

सात आठवडे म्हणजे हिचे तीन महिने संपलेच. मी घरी आलो आणि बूट काढता काढता हिला विचारलं, "अगं, गाडीची जादा चावी कुठाय?"

ही स्टुलावर पाय ठेवून बसली होती. "कुठली जादा?"

"तुझ्याकडे असायची ती."

"असेल इथेच कुठेतरी," म्हणाली आणि हातातलं वर्तमानपत्र उलटलं.

नऊ दिवस शोधली. बटणांचा डबा उपडा केला. कोटांचे खिसे, पडद्यामागचे खिळे, जुन्या पर्सेस, गाद्यांच्या खालची जागा. मला दोन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा सापडला. विकून टाकलेल्या फ्रिजचं हमीपत्र सापडलं. कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या चौदा चाव्या सापडल्या. गाडीची सोडून सगळं. ही जागेवरून हलत नव्हती, नुसते हुकूम सोडायची.

"कपाटावर बघितलंत?"

"बघितलं."

"मागच्या बाजूला?"

मी परत खुर्चीवर चढायचो. रविवारी जावई आला. त्याने घराचा नकाशा काढून खोल्यांचे चौकोन पाडले आणि बघून झालेल्या चौकोनावर फुली मारायला लागला. लेक मागे उभी राहून म्हणाली, "आई, आठव ना जरा. तुझ्याच उपयोगाचं आहे." ही म्हणाली, "ऑपरेशननंतर काही लक्षात राहत नाही गं." मी जावयाकडे बघितलं, जावयाने फुलीकडे बघितलं. शेजाऱ्यांच्या लेकराने सर्दीला किती औषधं घेतली, ते हिला महिन्याभरानेही पाठ असतं.

त्याआधीच्या शुक्रवारी तर ती पुन्हा व्यायामाला गेली नव्हती. टेस्टरचे दोन फोन येऊन गेले. यंत्र खोक्यात, खोकं मेजावर, आणि रोज सकाळी मी खाली काच खरवडतोय. माझं डोकं तापलं होतं, तेवढी गाडी तापली असती तर यंत्राची गरज नव्हती.

पुढच्या बुधवारी हिला व्यायामाला सोडून मी बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळाने लक्षात आलं की हिचा चष्मा माझ्याच खिशात राहिलाय. एरवी मी आत जात नाही, मला ते बघवत नाही. पडदा सारून आत गेलो. ही उताणी पडली होती. बाई गुडघा धरून वाकवत होत्या, आणि हिची उजवी मूठ अशी आवळलेली की बोटं पांढरी पडली होती.

"आजी, मूठ सोडा. सगळा जोर तिकडे जातोय."

"मूठ राहू द्या. तुम्ही गुडघ्याचं बघा."

बाई मला बघून हसल्या. "रोजचं आहे यांचं. चावी हातात असल्याशिवाय गुडघा वाकवू देत नाहीत. पहिल्याच दिवशी मला विचारलं, ब्रेक दाबायला गुडघा किती वाकवावा लागतो म्हणून."

हिने मान वळवली, मला बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मुठीतून निळ्या चिंधीचं टोक बाहेर आलं होतं. ती चिंधी मीच बांधली होती, चाव्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. मी चष्मा खुर्चीवर ठेवला आणि बाहेर आलो.

गाडीत बसल्यावर मात्र राहवेना.

"नऊ दिवस! मी खुर्चीवर चढून कपाटं धुंडाळली!"

"चढा म्हटलं नव्हतं. बघा म्हटलं होतं."

"अगं, तुझ्याच गुडघ्यासाठी चाललंय ना हे?"

"गुडघा माझा म्हणून चावीपण माझीच?"

"ती जादा आहे!"

"जादा कुणी ठरवली?" ती म्हणाली. "तुमची घाला की पेटीत."

"आणि मग गाडी कोण चालवणार?"

दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला गाडी थांबली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बघा. लेकीने ठरवलं, जावयाने ठरवलं, तुम्ही ठरवलं. तू पुन्हा चालवणार आहेस का, हे विचारलं कुणी मला? एकदा ती चावी त्या डब्यात गेली की मी कायमची बाजूच्या सीटवर. मग गुडघा वाकवू कशाला? खुर्चीत बसायला आहे तेवढा पुरतो."

मला राग आलेला होता. आणि आपण रागात असताना समोरचं माणूस बरोबर बोललं की राग आणखी वाढतो. रात्रीपर्यंत हिनेही माझी मनधरणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी टेस्टरकडे नेली आणि जुडग्यातून माझी चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"काका, ही तर रोजची दिसतेय. घासून गुळगुळीत झालीय."

"हीच घाल."

"मग तुम्ही कशाने चालवणार?"

"मागून आणीन."

"कुणाकडून?"

"तू वायरी जोड."

मी बसने घरी आलो. संध्याकाळी गाडी आणायला जायची वेळ झाली. हिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "चावी दे."

"तुमची कुठाय?"

"पेटीत."

तिने ब्लाउजमधून चावी काढली, पण हातात दिली नाही. "कुठे नेताय गाडी?"

"टेस्टरकडून घरी आणायची आहे."

"किती वाजेपर्यंत चावी परत द्याल?"

हे असं तेव्हापासून रोज चाललंय.

टेस्टरने मला त्याच्या गाळ्यासमोर तीनदा रीत करायला लावली. पहिल्यांदा सवयीने हात पहिल्या गिअरकडे गेला आणि क्लच सुटला. गाडीने उडी मारली, त्याची पाण्याची बादली उलटी. दुसऱ्यांदा दार लावायला विसरलो. तिसऱ्यांदा जमलं, मी बाहेर उभा, आणि इंजिन आपलं आपण बंद झालं. "आणि शेवटचं," टेस्टर म्हणाला, "बटणावर चालू असताना, चावी लावून फिरवल्याशिवाय ब्रेकवर पाय द्यायचा नाही. पूर्ण दाबला की इंजिन बंद. कोणी चोर आत बसला तर त्याच्यासाठी ती सोय आहे."

घरी येऊन मी हिला सगळं समजावलं. "आणि पेडलला तू अजिबात पाय लावायचा नाहीस."

"माझा पाय पोचतोय कुठे!" ती म्हणाली.

पहिल्या सकाळी खिडकीत उभा राहून बटण दाबलं. दिवा लाल. परत दाबलं. लाल. टेस्टरला फोन लावला.

"कोणीतरी दार उघडलं, काका."

"कोणी उघडणार? गाडी मी स्वतः लॉक केली."

"माणूस खोटं बोलेल, यंत्र नाही."

मागून ही म्हणाली, "मी फक्त शाल आणली."

"कधी?"

"काल. लेकीकडून आल्यावर तुम्ही पिशवी घेऊन पुढे जिना चढत होतात तेव्हा. चावी माझ्याकडेच होती ना."

पुढच्या वेळी चष्मा राहिला. त्यापुढच्या वेळी काहीच राहिलं नव्हतं. दार नीट लागलंय का ते तिने उघडून बघितलं. मी पायऱ्यांवर बसून डोकं धरलं. शेवटी ठरलं, दार बंद करायच्या आधी मी मोठ्याने विचारायचं, "शाल? चष्मा? पिशवी?" आणि तिने प्रत्येकाला "आहे" म्हणायचं. खालच्या मजल्यावरचा न्हावी हल्ली माझ्याबरोबर म्हणतो.

मग मात्र दिवा हिरवा झाला. सोमवारी सकाळी खाली आलो तर काचेवरचं बर्फ वितळून ओघळत होतं. ही आत बसली, सीटवर हात ठेवला आणि म्हणाली, "गरम आहे." मी म्हटलं, "मग? असणारच." एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून एकही व्यायाम चुकला नाही. बाई भिंतीवरच्या कागदावर आकडे लिहायच्या, आकडा वर सरकत होता. मूठ मात्र तशीच.

तीन महिने संपायला आठवडा राहिला होता. शुक्रवार होता. गाडी खाली गरम होत होती. हिला खाली आणून बसवलं आणि लक्षात आलं की इस्पितळाची फाइल वरच राहिली. रोज शाल-चष्मा विचारणारा मी, आणि फाइल मीच विसरलो. चडफडत जिना चढलो, फाइल घेतली आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलो, तर खिशातल्या रिमोटने आवाज केला. बघतो तर लाल. जिन्याच्या खिडकीतून कान दिला. इंजिन बंद.

मी तिथूनच टेस्टरला फोन लावला. "हे बघ, तुझं यंत्र मधेच मेलं! ही तिथे गारठ्यात बसलीय, सात वाजून गेलेत, आज गुडघा मोजायचा आहे. काय जोडलंयस तू?"

"काका, ओरडू नका. डिझेल आहे?"

"आहे!"

"बॉनेट उघडलं का कोणी?"

"नाही!"

"ब्रेकवर पाय पडला का कोणाचा?"

"कोणाचा पडणार? मी जिन्यात आहे आणि गाडीत नुसती ही..."

तोवर मी गाडीपाशी पोचलो होतो. बाजूच्या सीटवर हिची काठी आडवी ठेवलेली होती. ही स्टिअरिंगमागे बसली होती. दोन्ही हात चाकावर, नजर समोरच्या भिंतीवर. मी दार उघडलं.

"काय केलंस तू?"

"ब्रेक दाबला."

"इंजिन बंद पडलं!"

"तेच बघत होते," ती म्हणाली. "पहिल्या दोन वेळा नाही पडलं. पूर्ण दाबावा लागतो."

फोनमधून टेस्टर ओरडत होता, "हॅलो? काका? दिवा कुठला आहे?"

"यंत्र ठीक आहे तुझं. ठेव," मी म्हटलं.

हिने पुन्हा पाय दिला. मी खाली वाकून बघितलं. गुडघा वाकला, पेडल तळाला गेलं, तिथेच राहिलं. तिच्या ओठावर घाम होता, एवढ्या थंडीत.

"बाईंना विचारल्याशिवाय मी तुला रस्त्यावर काढू देणार नाही," मी म्हटलं.

"मग विचारायला चला. उशीर कोण करतंय?"

ती दाराचा आधार घेऊन सावकाश उतरली आणि गाडीला वळसा घालून आपल्या बाजूला निघाली. काठी आतच होती. मी आत बसलो. गाडी गार व्हायला लागली होती. सवयीने तिच्याकडे हात पुढे केला.

"अगं, चावी दे."

"लावलीय," ती दार ओढून घेत म्हणाली. "फिरवा."